मंडळाचा ळ

वेबसाइटवरची अक्षरं कुणाच्या हातची असावीत, हा प्रश्न मुरलीधर गुपचूप यांनी बैठकीत काढला नसता, तर चहा-बिस्किटं होऊन सगळे सुखरूप घरी गेले असते. पण बैठक सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती, आणि वीस मिनिटं एका जागी बसणं मुरलीधररावांच्या प्रकृतीला मानवत नाही. आडनाव गुपचूप असलं तरी सत्तावन्न वर्षांत ते त्या आडनावाला एकदाही जागले नव्हते. बसले की त्यांचा उजवा गुडघा शिलाईच्या मशीनसारखा चालू लागतो आणि टेबलावरचे कप किणकिणायला लागतात. मंत्रालयात त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांनी टेबलाच्या पायाखाली कागदाच्या घड्या घालून ठेवल्या आहेत.

यमुनातीर मराठी मंडळाला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त वेबसाइट काढायची, एवढंच ठरवायचं होतं.

"अक्षरं कुणाची म्हणजे?" अध्यक्ष विश्वनाथराव अष्टपुत्रे म्हणाले. "कंप्युटरची."

"कंप्युटरचं अक्षर म्हणजे सगळ्या दिल्लीचं अक्षर," मुरलीधरराव उभेच राहिले. "पोलीस चौकीच्या फलकावर तेच, छोले-भटुऱ्यांच्या दुकानावर तेच. आपल्या मंडळाला स्वतःचं अक्षर आहे. लीलाबाईंचं. त्यांच्या हस्ताक्षराचा फॉन्ट करू!"

लीलाबाई कर्डक मूळच्या परभणीच्या. पोस्टात नोकरी करून चौतीस वर्षं दर रविवारी पहाडगंजातल्या एका खोलीत त्या मराठीचा वर्ग घेत. मंडळातल्या अर्ध्याअधिक लोकांनी त्यांच्या हाताखाली अक्षर गिरवलं होतं, मुरलीधररावांनी तर छड्याही खाल्ल्या होत्या. त्या फळ्यावर लिहायच्या तेव्हा ओळ ओळंब्यात बांधलेल्या भिंतीसारखी सरळ यायची, आणि ते पुसायची पाळी ज्याच्यावर येई त्याला पाप केल्यासारखं वाटायचं. आता त्या शहाऐंशी वर्षांच्या होत्या आणि द्वारकेला मुलीकडे राहायच्या. हाताला कंप सुटल्यापासून सहा वर्षांत त्यांनी पेन उचललेलं नव्हतं. बँकेत अंगठा लावत, आणि अंगठा लावून आल्या की त्या दिवशी घरात कुणाशी बोलत नसत. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणी ती बोलत नसे.

"त्यांना आधी सांगायचं नाही," मुरलीधरराव म्हणाले. "कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यावर एकदम त्यांचंच अक्षर दिसेल."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि तो पार पाडायची जबाबदारी सूचकावर टाकण्यात आली. मराठी मंडळांत सूचना करणाऱ्याला हीच शिक्षा असते.

काम घेतलं उन्नती रामटेकेने. तिचे वडील समाधान रामटेके मंडळाचे जुने सभासद. नोएडात तिचं वेबसाइटी बनवायचं छोटं ऑफिस होतं. मुलगी हुशार, कामाला वाघ. जन्मापासून दिल्लीत, त्यामुळे तिचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं.

"काका, एकदम मस्त आयडिया आहे," ती म्हणाली. "फॉन्ट म्हणजे काय, प्रत्येक अक्षराचा एक साचा. मला फक्त आजींचं जुनं लिखाण पाहिजे. एकेक अक्षर उचलून मी कंप्युटरमध्ये बसवते. बिल्कुल होईल."

जुनं लिखाण मंडळाच्या लोखंडी कपाटात होतं. लीलाबाईंनी दर महिन्याला हाताने लिहून लावलेली भित्तिपत्रकं, तीसेक वर्षांची. कपाटाची किल्ली मंडळाच्या चिटणीस संपदाताईंकडे. संपदाताईंनी कागद बाहेर नेऊ दिले नाहीत. उन्नतीने तिथेच जमिनीवर बसून, आपल्या यादीत बघून, हवी तेवढी अक्षरं फोनवर टिपली. कपाटाला परत कुलूप लागलं, आणि आठवडाभराने संपदाताई मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. किल्लीही अर्थातच त्यांच्या पर्समधून पुण्याला गेली.

इकडे चिन्हांचा घोळ सुरू झाला.

वेबसाइटवर प्रत्येक विभागापाशी एक छोटं चित्र असतं. मुख्यपानाला घर, फोनला रिसीव्हर, शोधायला भिंग. उन्नतीने आपली चौदा चिन्हं निवडून समितीपुढे ठेवली. समितीत नऊ माणसं होती आणि चिन्हशास्त्रात नऊही जणांचा जन्म गेला होता, हे त्या दिवशी कळलं. घर पाहून एक जण म्हणाले, "लोकांना वाटेल आपण प्रॉपर्टी डीलर आहोत." कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा पाहून अष्टपुत्र्यांनी विचारलं, "इथे काही लिहायचं राहिलंय का?" त्या रेघा दाबल्या की यादी उघडते, हे त्यांना तीनदा समजावलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "मग 'यादी' असं लिहा की."

वधू-वर सूचक विभागाला बदामाचं चित्र होतं. महिला शाखेच्या इंदुमतीबाई ताठ झाल्या. "पत्रिका जुळायच्या आधीच बदाम?" त्याऐवजी मुंडावळ्या सुचवल्या गेल्या, पण जगातल्या कुठल्याच चिन्हसंचात मुंडावळ्या नव्हत्या. शेवटी हातात हात घेतलेलं चित्र पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर झालं. ते मुळात 'व्यावसायिक करार' यासाठी होतं. लग्न झालेल्या सगळ्यांनी त्याच्या बाजूने मत दिलं.

श्रद्धांजली विभागाला समई हवी होती. समई मिळेना, म्हणून उन्नतीने मेणबत्ती शोधली, आणि घाईत जी मेणबत्ती लावली तिच्याखाली केक होता. हे तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मजकूर तपासायला ज्यांना ते पान पाठवलं होतं, त्या एका दिवंगत सभासदाच्या चिरंजीवांचा चौथ्या दिवशी गाझियाबादहून फोन आला. मुरलीधररावांनी फोनवर पंचवीस मिनिटं माफी मागितली, आणि ती मागताना घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की त्यांच्या बायकोने, हेमांगीताईंनी, वाटेतली खुर्ची उचलून गॅलरीत ठेवली.

"अहो, आता तरी बसा," त्या म्हणाल्या.

"बसायला वेळ कुठे आहे? अजून पत्ता घ्यायचाय!"

पत्ता म्हणजे वेबसाइटचा पत्ता. मुरलीधररावांना तो देवनागरीतच हवा होता. अर्ज भरला, तर उत्तर आलं: नोंदणी प्रमाणपत्रावर संस्थेचं नाव 'मंडल' आहे, अर्जात 'मंडळ', नावात तफावत. पन्नास वर्षांपूर्वी कुण्या हिंदी कारकुनाने आपल्या कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं होतं. उपाय एकच: दोन्ही नावं एकाच संस्थेची आहेत असं शपथपत्र.

मुरलीधररावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कचेरीबाहेरच्या टायपिस्टसमोर उभे राहिले. टायपिस्टने अख्खा कीबोर्ड धुंडाळला.

"साहब, ये वाला अक्षर हमारे यहाँ नहीं आता."

"अरे भाई, पूरा झगड़ा ही उस अक्षर का है!"

"तो पेन से बना दूँ? पर फिर नोटरी साहब ओवरराइटिंग मानेंगे."

शपथपत्र तयार झालं. त्यात लिहिलं होतं, 'मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि "मंडल" और "मंडल" एक ही संस्था के नाम हैं.' खाली शिक्का, सही, तिकीट, सगळं जिथल्या तिथे. दहा दिवसांनी उत्तर आलं: सादर केलेल्या दोन्ही नावांत कोणताही फरक आढळत नाही, सबब शपथपत्राची आवश्यकता नाही; मूळ अर्ज तफावतीमुळे नामंजूर.

मुरलीधररावांनी ते पत्र दोनदा वाचलं. भाषा ओळखीची होती. नोकरीच्या एकतीस वर्षांत अशी शे-दोनशे पत्रं त्यांनी स्वतः लिहिली होती, आणि ती घरी पोचल्यावर माणसाचं काय होतं ते आज पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी मुकाट्याने इंग्रजी पत्ता घेतला.

कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी सकाळी उन्नतीने वेबसाइट पाहायला पाठवली. मुरलीधरराव लक्ष्मीबाई नगरमधल्या आपल्या इमारतीच्या लिफ्टपाशी उभे होते. शेजारचे पांडेजीही होते, राजभाषा विभागातून निवृत्त झालेले. मुरलीधररावांनी तिथेच फोन उघडला.

अक्षर लीलाबाईंचं होतं! तोच डौल, तीच सरळ शिरोरेषा. मुरलीधरराव नकळत आठ वर्षांच्या पोरासारखे ताठ उभे राहिले. 'यमुनातीर मराठी मंड' इथवर सगळं ठीक होतं. 'मंड'च्या पुढे मॉलमध्ये सामान ढकलायची असते ती ट्रॉली होती.

त्यांनी बोटाने पान खाली सरकवलं. 'रविवारची शा', मग ट्रॉली. 'ति', ट्रॉली, 'गू', ट्रॉली, 'घ्या गोड बोला.' सहलीच्या वृत्तांतात तर 'सगळी मंडळी जेवणाच्या वेळी केळी खात' असं वाक्य होतं. तिथे चार ट्रॉल्या एकामागून एक निघाल्या होत्या, सेल लागल्यासारख्या.

पांडेजींनी डोकावलं. "गुपचूपजी, मंडल अब किराना भी बेचेगा?"

लिफ्ट आली आणि गेली. मुरलीधरराव जिन्यानेच धावत खाली गेले आणि चालता चालता त्यांनी उन्नतीला फोन लावला.

"काका, एक मिनिट, बघते... अच्छा. फॉन्टमध्ये ते अक्षरच नाहीये. जे अक्षर सापडत नाही, ते कंप्युटर पुढच्या फॉन्टमधून उचलतो. पुढचा आपला चिन्हांचा फॉन्ट होता, फुकटवाला. त्यांनी त्या जागेवर ट्रॉली ठेवलीय."

"पण ते अक्षर का नाही? लीलाबाईंनी आयुष्यभर लिहिलंय ते!"

मग उन्नती हळू आवाजात म्हणाली, "माझी लिस्ट हिंदी फॉन्टची होती, काका. त्यात नव्हता. आणि मलाही... म्हणजे मी शाळा लिहिते तेव्हा ल-च लिहिते. माझ्या लक्षातच नाही आलं."

मुरलीधरराव रागावणार होते. पण त्यांचा स्वतःचा मुलगा केळ्याला केला म्हणत मोठा झाला होता, आणि आता बंगळुरूत त्याला काहीच म्हणत नव्हता. त्यांनी राग गिळला.

कपाट बंद. संपदाताईंना फोन केला तर त्या इस्पितळात, नातू झाला होता, त्यांनी पेढ्यांबद्दलच सांगितलं. कुलूप तोडायला अध्यक्षांची परवानगी हवी, आणि अष्टपुत्रे म्हणाले, "त्यासाठी बैठक बोलवावी लागेल. सात दिवसांची नोटीस." पांडेजींनी जाता येता सल्ला दिला, "ल से काम चला लीजिए, किसको पता चलेगा?" हेमांगीताई म्हणाल्या, "सरळ लीलाबाईंकडे जा आणि लिहून घ्या." पण ज्या बाईंना पेन धरता येत नाही म्हणून हा खटाटोप, त्यांच्यापुढे पेन कसं धरायचं? ते धाडस मुरलीधररावांना झालं नाही.

मग त्यांनी ठरवलं की ळ आपणच काढायचा. लीलाबाईंच्या हाताखाली शिकलोय, त्यांच्या वळणाचा एक ळ आपल्याला जमू नये?

शुक्रवारी दिवसभर मंत्रालयात त्यांनी ळ काढले. सोपा नाही तो. आधी एक वाटोळं, मग दुसरं, मध्ये कंबर, आणि दोन्ही पोटं सारखी हवीत. एक लठ्ठ झाला, एक आडवा पडला, एक इंग्रजी आठच्या आकड्यासारखा झाला. पाठकोरे कागद संपले तेव्हा समोरच्या फाइलीतल्या कागदाच्या कडेला काढले, आणि शिपायाने ती फाइल साहेबांकडे नेली. तासाभरात बोलावणं आलं. साहेब तमिळनाडूचे, फारसं न बोलणारे. त्यांनी कडेच्या अकरा ळांवर बोट ठेवलं.

"मिस्टर गुपचूप, इज दिस जलेबी?"

"नो सर. लेटर. मराठी लेटर. ळ."

साहेबांनी मान वर केली. "ळ?" त्यांनी तो इतका स्वच्छ उच्चारला की मुरलीधररावांना भरून आलं. "वी आल्सो हॅव. हिअर नोबडी कॅन से इट." मग त्यांनी चष्मा लावून सगळे ळ तपासले आणि सातव्यावर टिक केली. फाइलीवर अशी टिक एकतीस वर्षांत कुणी केली नव्हती.

तो सातवा ळ शनिवारी फॉन्टमध्ये बसला. ट्रॉल्या गेल्या. उन्नती म्हणाली, "सेम टू सेम, काका. कुणाला कळणार नाही."

रविवारी अकरा वाजता कोपर्निकस मार्गावरचं सभागृह भरलं. लीलाबाई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, दोन्ही हात पदराखाली झाकून बसल्या होत्या. मुरलीधरराव मात्र खुर्चीवर टेकलेच नाहीत. प्रोजेक्टर बघ, पडदा बघ, पुन्हा प्रोजेक्टर बघ. अष्टपुत्र्यांचं भाषण बावीस मिनिटं चाललं. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत उमटलं: यमुनातीर मराठी मंडळ.

सभागृहात कुणीतरी "बाईंचं अक्षर!" म्हणालं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. लीलाबाई उठून उभ्या राहिल्या. मुलीच्या आधाराने पडद्याजवळ गेल्या; चष्माही मुलीनेच पुसून लावून दिला.

"हे मी कधी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

उन्नतीने त्यांना समजावलं. बाई ऐकत होत्या, पण डोळे अक्षरांवर होते. त्यांनी एकेक अक्षर वाचलं, फळ्यावरचं तपासतात तसं. य, मु, ना. 'मराठी'पाशी ओठ जरा हसले. आणि शेवटी त्या थांबल्या.

"हा ळ कुणाचा?"

टाळ्या विरल्या. उन्नतीने मुरलीधररावांकडे पाहिलं. मुरलीधररावांनी प्रोजेक्टरकडे पाहिलं.

"माझा ळ एका दमात होतो," बाई म्हणाल्या. "हा मध्येच दोनदा थांबलाय. थांबून मागे बघतोय, कुणी रागावतंय का म्हणून." त्या वळल्या. "मुरली गुपचूप कुठाय?"

सत्तावन्न वर्षांचा, केंद्र सरकारचा राजपत्रित अधिकारी दोनशे माणसांसमोर हात मागे बांधून पुढे आला. "इथे आहे, बाई."

"वळण अजून सुधारलं नाही तुझं."

सभागृह फुटलं. अष्टपुत्रे तर डोळे पुसेपर्यंत हसले. मुरलीधररावांचे कान लाल झाले. इतक्या महिन्यांची धावपळ, केक, शपथपत्र, सगळं या एका वाक्यात वाहून गेलं असं त्यांना वाटलं.

"बाई, कपाट बंद होतं. तुमचा ळ मिळाला नाही."

"मग मला मागायचा."

मुरलीधररावांची नजर एकदाच, नकळत, बाईंच्या पदराखालच्या हातांकडे गेली. बाईंनी ती पाहिली. मग त्यांनी उजवा हात पदराबाहेर काढला. तो थरथरत होता, सगळ्यांना दिसेल इतका.

"कशावर लिहायचं?" त्यांनी उन्नतीला विचारलं.

उन्नतीने आपला टॅबलेट आणि त्याचं पेन पुढे केलं. "यावर, आजी. पाटीसारखंच आहे. इथे लिहिलं की तिकडे पडद्यावर दिसेल."

टॅबलेट मुरलीधररावांनी दोन्ही हातांनी धरला. तोही हलायला लागला.

"माझा हलतोय तेवढा पुरे," बाई म्हणाल्या. "तू धर नीट."

त्यांनी पेन टेकवलं. पडद्यावर एक रेघ निघाली आणि वाऱ्यावरच्या दोरीसारखी डुचमळत वळू लागली. पहिलं पोट झालं. कंबरेपाशी हात फार हलला, कुणीतरी श्वास आत ओढला, पण पेन उचललं गेलं नाही. दुसरं पोट वळलं, मिटलं. एका दमात. हा दम फार लांब होता इतकंच.

कुणीच टाळी वाजवली नाही. उन्नती डोळे पुसत पुढे झाली. "आजी, दोन मिनिटं द्या. मी स्मूथ करते."

"म्हणजे काय करतेस?"

"हा जो कंप आहे ना, तो सगळा काढून टाकते. बाकीच्या अक्षरांसारखं होईल."

"नको," लीलाबाई म्हणाल्या. "ती अक्षरं मी पन्नाशीत लिहिली. हे आज लिहिलं. राहू दे." मग त्यांनी उन्नतीच्या हनुवटीला हात लावला. "आणि तू म्हण बघू, मंडळ."

"मंडल," उन्नती म्हणाली.

"जीभ मागे घे. टाळूला लाव. आता सोड."

सहाव्या खेपेला जमलं. त्यावर मात्र टाळ्या पडल्या.

वेबसाइट त्याच दुपारी सुरू झाली. पुढच्या आठवड्यात मंडळाकडे सतरा तक्रारी आल्या. कुणी लिहिलं, शेवटचं अक्षर हलतंय. कुणी लिहिलं, आमचा फोन बिघडलाय की तुमची साइट. फरिदाबादच्या एका इंजिनिअर सभासदाने दुरुस्तीचा नकाशा काढून पाठवला. अष्टपुत्र्यांनी विषय पुढच्या बैठकीवर घेतो असं कळवलं. मुरलीधररावांनी बैठकीची वाट पाहिली नाही. ते टेबलाशी बसले आणि सतराच्या सतरा जणांना, प्रत्येकी वेगळ्या कागदावर, जावक क्रमांक घालून, एकच उत्तर पाठवलं:

'महोदय/महोदया, आपली तक्रार प्राप्त झाली. विषयांकित ळ तपासण्यात आला. त्यात कोणताही तांत्रिक दोष आढळून आलेला नाही. सदर ळ शहाऐंशी वर्षांचा असून स्वतःच्या हाताने उभा आहे. त्यास आधार देण्याचा अथवा तो सरळ करण्याचा मंडळाचा विचार नाही. कळावे.'